वायर कुठवर आली?

विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरता. दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर गेली, यापलीकडे मी या विषयात कधी शिरलो नाही. फ्यूज उडाला की मी मेणबत्ती शोधायला लागतो आणि आमची ही फ्यूजची तार शोधते. अशा माणसाने कोॲक्शियल केबलवर चार शब्द लिहावेत हा निव्वळ योगायोग म्हणायचा. पण आज आमच्या इमारतीत या एका विषयात माझा शब्द शेवटचा मानतात. डिशवाला पोरगा शिडी घेऊन आला की मी जिन्यात जाऊन उभा राहतो आणि “खिळा केबलच्या अंगात मारू नकोस रे बाबा” म्हणून सांगतो. तो माझ्याकडे स्वतःच्या आजोबांकडे बघावं तसं बघतो आणि खिळा मारतो. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, ही विद्या मी कशी मिळवली ते!

गोष्ट १९७९ सालची. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. ते डोंबिवलीत आमच्या तिसऱ्या मजल्यावर पोचायला सात वर्षं लागली. दादरहून सुटलेली स्लो लोकलसुद्धा याहून लवकर येते. पण अखेर थकबाकीचे पैसे एकदम हातात पडले आणि सरकत्या दारांचा, चार पायांचा, काळापांढरा टीव्ही घरी आला. हिने त्याला कुंकू लावलं, मी पोस्टात जाऊन परवाना काढला, आणि माझे मेहुणे म्हणाले, “अँटेनाचं माझ्यावर सोडा, भावोजी.”

ज्यांना मेहुणे आहेत त्यांना या वाक्याचा अर्थ सांगायला नको.

मेहुण्यांनी एका रविवारात सगळं उरकलं. गच्चीवर अँटेना उभा केला. मुंबईचं चॅनेल चौथं, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. लाटा लांबलचक, म्हणून अँटेनाच्या दांड्याही चांगल्या सात-साडेसात फुटी. दुपारपर्यंत त्यावर कावळ्यांची सभा भरली. तिथून खाली त्यांनी चपटी वायर सोडली. दोन कडांना दोन तारा आणि मध्ये प्लॅस्टिकची पट्टी, नाडीसारखी दिसते ती. स्वस्त. ती त्यांनी पावसाच्या पाण्याच्या लोखंडी पायपाला जागोजाग सुतळीने बांधत आणली, खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि टीव्हीच्या पाठीला जोडली. उरलेली आठ-दहा फूट गुंडाळून कपाटामागे टाकली. “असू द्या, पुढेमागे उपयोगी पडेल!”

टीव्ही लागला. बातम्या देणाऱ्या बाई दिसल्या. त्यांच्या उजव्या खांद्यापाशी तशाच आणखी एक बाई, जरा फिक्या, तेच बोलत होत्या. क्रिकेटमध्ये दोन गोलंदाज दोन चेंडू टाकत आणि दोन फलंदाज दोनदा बाद होत. खाली कुणी स्कूटरला किक मारली की पडद्यावर तांदूळ सांडत. पाऊस आला की चित्रही वाहून जाई. मेहुणे म्हणाले, “हे प्रक्षेपणाचे दोष आहेत.” आणि पुण्याला निघून गेले.

एरवी मी तेवढ्यावर समाधान मानलं असतं. एका पैशात दोन बाया दिसताहेत, तक्रार कसली? पण मध्ये अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. तीस वर्षं शाळामास्तर. त्यांनी टीव्ही आल्याच्या दिवशीच “या खोक्यात मला रस नाही” असं जाहीर केलं होतं आणि खोक्याकडे पाठ करून ते पेपर वाचत. माझ्या धाकट्या बहिणीने १९७३ साली स्वतःच्या मनाने लग्न केलं, जातीबाहेर. तेव्हा अण्णा असेच पाठ करून बसले, ते बसलेच. ती पार्ल्याला राहत होती. डोंबिवली ते पार्ले, दादरला गाडी बदलून, दीड तास. अण्णांना सहा वर्षं झाली होती आणि ते अजून घरातूनच निघाले नव्हते.

जुलैच्या अखेरीस धाकटीचं पोस्टकार्ड आलं, अर्थात हिच्या नावाने. श्रावणातल्या गाण्यांच्या एका कार्यक्रमात बायकांचं समूहगान होतं, त्यात ती होती. ध्वनिमुद्रण, चित्रमुद्रण सगळं झालं होतं. तारीख ऑगस्टमधली. शेवटी लिहिलं होतं, ‘मी दुसऱ्या रांगेत आहे. कुणाला बघायचं असलं तर.’

हिने ते कार्ड मोठ्याने वाचलं. अण्णांनी पेपरचं पान उलटलं. म्हणाले, “मला काय करायचंय?” आणि मग थोड्या वेळाने, पेपरातून मान वर न करता, “हा तुझा टीव्ही माणसाला दोन-दोन करून दाखवतो. दुसऱ्या रांगेतलं काय कपाळ दिसणार?”

मी त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर नानांकडे गेलो.

नाना तारऑफिसातून निवृत्त झालेले. कडकट्ट, कडकट्ट करीत आयुष्य गेलेलं. बोलतानासुद्धा शब्दाला पैसे पडतात अशा बेताने बोलत. पण विषय वायरीचा निघाला की तारेचं पत्र होई. ते खाली आले, त्यांनी टीव्ही लावायला सांगितला आणि खिशातून फूटपट्टी काढून पडद्याला लावली. बाईंच्या नाकापासून दुसऱ्या बाईंच्या नाकापर्यंत.

“चार सेंटिमीटर,” नाना म्हणाले. “पडदा चाळीस सेंटिमीटर. एक ओळ डावीकडून उजवीकडे दिसायला ५२ मायक्रोसेकंद. म्हणजे चार सेंटिमीटरला पाच मायक्रोसेकंद आणि वर थोडे. एका मायक्रोसेकंदात लाट जाते तीनशे मीटर. तुझी ही दुसरी बाई वरळीहून दीड किलोमीटर लांबच्या रस्त्याने आली आहे.”

“लांबच्या म्हणजे?”

“कुठल्यातरी डोंगरावर आपटून. हे भूत. इंग्रजीत घोस्टच म्हणतात.”

“अगं बाई! घरात?” ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

“डोंगराचं भूत वायर बदलून जात नाही,” नाना म्हणाले. “त्याला अँटेना फिरवायला हवा. पण हे बघ, बाईंच्या नाकाची कड कशी फेसाळली आहे. दोन-तीन मिलिमीटर. हे भूत घरातलं. वायरीत शिरलेली लाट टोकाला नीट उतरत नाही, परत वर जाते, पुन्हा खाली येते. शिवाय ही तुझी चपटी वायर उघडी आहे. स्कूटर काय, पायप काय, जो येईल तो तिच्या कानाशी लागतो. कोरडी असताना गुणी असते हो, कोॲक्शियलपेक्षा कमी खाते. पण भिजली की संपलं. आणि बांधली आहे कुठे? पावसाच्या पायपाला!”

मग त्यांनी मला कोॲक्शियल केबल समजावून दिली. शब्दकोशात हिला ‘समाक्ष’ म्हणतात. वर्गातल्या हुशार मुलाचं नाव वाटतं. मध्ये तांब्याची एक तार. तिच्याभोवती पांढरं पॉलिथीन. त्याभोवती तांब्याची वेणी घातलेली जाळी. त्यावर काळं आवरण. संदेश जायचा तो तार आणि जाळी यांच्या मधल्या जागेतून. बाहेरचा गोंगाट जाळीच्या बाहेरच्या अंगावरून निघून जातो, आतल्याला पत्ता लागत नाही. अट एकच. तार आणि जाळी यांच्यातलं अंतर या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखं राहिलं पाहिजे. ना जास्त जवळ, ना जास्त लांब. केबल चेपली, मुडपली, खिळ्याने दाबली की तिथे अंतर बदललं, आणि तिथून लाट मागे फिरली.

“हे इंग्लंडात हेविसाइडने १८८० साली पेटंट केलं,” नाना म्हणाले. “ऑलिव्हर हेविसाइड. आधी तारऑफिसात होता. आपल्यातला.” आपल्या आतेभावाबद्दल बोलावं तसे ते बोलले.

खरेदीची यादी त्यांनी तारेच्या भाषेत लिहून दिली: ‘७५ ओहम. काळी. तार अखंड. जाळी दाट. शंभर फूट सलग. सांधा नको.’

शनिवारी अर्धी सुटी टाकून मी लॅमिंग्टन रोडला गेलो. तिथे रेडिओचा एखादा भाग मिळत नाही असं होत नाही. फक्त आपल्याला काय हवंय ते आपल्याला ठाऊक असावं लागतं. मी दुकानदाराला “७५ ओहम” म्हटलं. त्याने एक भेंडोळं पुढे टाकलं. आता मी तसा ऐकून फसणारा नाही. फळीवर मीटर दिसला. म्हटलं, “मोजून दाखवा.”

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मग शांतपणे मीटर लावून दाखवला. काटा जागचा हलला नाही. पलीकडची टोकं एकमेकांना टेकवली, तर काटा पार शून्यावर जाऊन आपटला. पंचाहत्तर कुठेच नव्हते. “ये दिखता नहीं, साब,” तो म्हणाला. “ये होता है.”

मी हे वेदान्तातलं वाक्य घेऊन पुढच्या दुकानात गेलो. तिथेही पंचाहत्तर दिसले नाहीत. नंतर नानांनी उलगडा केला. तो आकडा मीटरच्या बॅटरीला दिसत नाही, तो धावत्या लाटेला जाणवतो. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि मधलं प्लॅस्टिक एवढ्यावर तो ठरतो. लांबीशी संबंध नाही. एक फूट घ्या नाहीतर एक मैल घ्या, पंचाहत्तर ते पंचाहत्तरच. ऐकून मला अण्णा आठवले. सहा वर्षं ताणले तरी तेवढेच.

तिसऱ्या दुकानात मला मोह पडला. वायरलेसच्या सेटची जुनी केबल, बोटभर जाड, रुबाबदार, शिवाय स्वस्त. पण ती ५० ओहमची. हेही नानांनी आधीच बजावून ठेवलं होतं. नुसत्या हवेने भरलेल्या केबलीत संदेश सगळ्यात कमी झिजतो ७७ ओहमच्या आसपास, आणि सगळ्यात जास्त शक्ती सोसते ती ३० च्या आसपास. ज्यांना स्वतः बोलायचं आहे, म्हणजे संदेश पाठवायचा आहे, त्यांनी दोघांच्या मधला ५० हा तोडगा काढला. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांनी ७५ घ्यावी. “आपण ऐकणारे,” नाना म्हणाले होते. माझ्या घरी येऊन राहिल्यावर हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

चौथ्या दुकानात नानांच्या सूचनेप्रमाणे मी आवरण थोडं सोलून जाळी उजेडाकडे धरली. काही केबलींची जाळी अशी विरळ, की आतलं पांढरं प्लॅस्टिक तिच्यातून सरळ दात दाखवत होतं. या केबलीची दाट होती. आवरण काळं, म्हणजे त्यात काजळी, ते उन्हात लवकर तडकत नाही. किंमत चपट्या वायरीच्या तिपटीहून जास्त. शंभर फूट तोलून, म्हणजे मोजून, घेतली.

आता संध्याकाळी सहाला दादरला डोंबिवली गाडी पकडणं हा मुळात एकट्या माणसाचा खेळ नव्हे. त्यात नानांची ताकीद: “जाडीच्या दहापटीहून लहान गोल वळवायची नाही.” केबल सहा मिलिमीटर, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आत वळण नको. मी ते भेंडोळं फुलांच्या चक्रासारखं डोक्यावर धरून आत शिरलो. एकाने विचारलं, “कोण गेलं?” दुसऱ्याने जागा दिली. ठाण्यापर्यंत माझे हात वर होते. कळव्याला एका गृहस्थांनी त्या भेंडोळ्यातून मान घालून छत्री काढली. पण केबल मुडपली नाही. त्या दिवशी मी स्वतः जितका मुडपलो त्यावरून सांगतो, माणसाला दहापटीचा नियम नाही.

घरात पाऊल टाकतो तोच पेपरामागून प्रश्न आला, “वायर कुठवर आली?”

“आली, अण्णा.”

“मला काय करायचंय?”

पुढचे आठ दिवस पाऊस. नाना रोज गच्चीच्या दारापर्यंत जाऊन आकाश बघून येत. अण्णा रोज एकदा विचारत, “वायर कुठवर आली?” अखेर एका सकाळी उघडीप पडली आणि नाना, मी आणि मदतीला पुण्याहून मुद्दाम आलेले मेहुणे वर चढलो.

अँटेनाचा मधला दांडा ३०० ओहमचा, केबल ७५ ची. एकदम चौपट. जोडायची कशी? नानांनी आणलेल्या केबलीतून पाच फूट तोडली. माझ्या पोटात कालवलं. तेवढीच मी कळव्यापर्यंत डोक्यावर धरली होती. तिची दोन्ही टोकं त्यांनी अँटेनाला जोडली आणि ती वेटोळी तशीच लटकत ठेवली. लाटेची अर्धी लांबी २.३ मीटर, पण केबलीत लाट प्रकाशाच्या दोन-तृतीयांश वेगानेच जाते, म्हणून दीड मीटर. त्या वेटोळ्यातून फिरून आलेली लाट उलटी होते आणि तीनशे आणि पंचाहत्तर यांचं जमतं. खाली आल्यावर अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “म्हणजे पाच फूट वायर नुसती समेट घडवायला?” मी हो म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

बाकीची कामं नानांनी पूजा सांगावी तशी करून घेतली. जोडावर मेण आणि टेप, कारण पाणी एकदा जाळीत शिरलं की ते जाळीतून केसाकेसाने आत आत सरकतं आणि तांबं हिरवं पडतं. केबलीचं वजन जोडावर नको, ती काठीला बांधायची. विजेच्या तारांपासून दूर. पायपापासून वीतभर लांब. भिंतीत भोक बाहेरच्या अंगाला उतरतं, आणि भोकात शिरण्यापूर्वी केबलीला खाली एक झोळ, म्हणजे पाणी झोळावरून टपकेल, घरात येणार नाही. मेहुण्यांनी खिळा आणि हातोडी काढली तेव्हा नाना एवढंच म्हणाले, “तिच्या शेजारी मारा. तिच्यावर नको.” मग नाना काठी धरून अँटेना बोट-बोट फिरवू लागले, मी खिडकीतून ओरडू लागलो, आणि ही टीव्हीसमोरून मला सांगू लागली. “दोन! दोन! दीड! सव्वा!” चारही मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. कसला भाव चालला आहे, हे लोकांना कळेना.

शेवटी भूत डोंगराकडे परत गेलं.

कार्यक्रमाच्या दिवशी संध्याकाळी घरात आमचे, शेजारचे, त्यांचे पाहुणे असे वीसएक लोक. अण्णा पेपर घेऊन खुर्चीत, पण खुर्ची आज टीव्हीच्या बाजूला तोंड करून होती. मी टीव्ही लावला. पडद्यावर हिमालय. नुसतं बर्फ.

मेहुणे म्हणाले, “दुपारी प्लग जरा ढिला वाटला, म्हणून मी नीट बसवला.”

कार्यक्रमाला बारा मिनिटं होती. नानांना बोलावलं. ते टीव्हीच्या पाठीमागे गेले, प्लग काढला, उघडला, चष्मा कपाळावर घेतला. कुणी बोलेना. अण्णांच्या हातातला पेपर वाजत होता, आणि घरात पंखा नव्हता.

“पिन,” नाना म्हणाले. हिने डोक्यातली पिन काढून दिली. नानांनी जाळीचा एक केस, खरोखर केसाएवढी तांब्याची एक तार, मधल्या तारेला चिकटली होती ती बाजूला केली. बस्स. शंभर फूट केबल, पाच फूट समेट, आठ दिवसांचा पाऊस, आणि सगळं अडलं होतं त्या एका केसापाशी.

चित्र आलं. स्वच्छ. बायका दोन रांगांत उभ्या. गाणं सुरू झालं होतं. दुसरी रांग, डावीकडून तिसरी. जरा वाळली होती.

अण्णा पुढे झुकले. मग आणखी झुकले. “ही एकच आहे ना आता?” त्यांनी विचारलं.

“एकच, मास्तर,” नाना म्हणाले.

“एकच आहे,” अण्णा म्हणाले.

कार्यक्रम संपेपर्यंत कुणी काही बोललं नाही. संपल्यावर अण्णांनी घसा साफ केला. “वरचा सा चोरला तिने. घसा बसलाय. पावसात हिंडत असणार.” आणि पेपर उचलला. तो उलटा होता, हे कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याकडे पोस्टकार्ड मागितलं. टाकायला दिलं तेव्हा मी ते वाचलं. पोस्टकार्ड वाचण्यात पाप नसतं. लिहिलं होतं: ‘चित्र स्वच्छ आले. आवाज खरखरला तो वायरीचा दोष नव्हे. ज्येष्ठमध धरणे. दिवाळीस येणे. दोघांनी.’ नानांनाही याहून कमी शब्दांत जमलं नसतं.

आता नाना नाहीत, अण्णाही नाहीत. गच्चीवर डिश आहे. तिच्यातून घरात येते ती केबल त्याच कुळातली, ७५ ओहमचीच, फक्त आता तिच्यातून ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ धावतात, आणि त्याच तारेतून उलट वर जाऊन डिशच्या डोक्याला वीजही पोचते. इतक्या वरच्या लाटांना वाटेत जास्त झीज लागते, म्हणून केबल थोडकी आणि चांगली घ्यावी. मी हे डिशवाल्या पोराला सांगतो. तो हो म्हणतो आणि मेहुण्यांसारखी दहा फूट गुंडाळून मागे टाकतो.

ती १९७९ ची केबल मात्र अजून आहे. गच्चीवर दोन खांबांना बांधली आहे, कपडे वाळत घालायला. परवा धाकटी आली होती, साठी उलटून गेली तिची कधीच. ओली साडी टाकता टाकता म्हणाली, “दादा, ही काळी दोरी भारी मजबूत आहे हं.”

मी हो म्हटलं. पण साडीच्या वजनाने ती मध्ये झोळ खात होती. तिच्यावर वजन देऊ नये, नानांनी सांगितलं होतं. मी उठलो आणि तिथे खाली एक काठी लावली.